१० मीटर एअर रायफलचे छरे: डबा निवडण्यापासून स्पर्धेच्या ट्रेपर्यंत

जळगावात मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा मिळवायला कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही. सराफ बाजाराचं गाव आहे. त्यामुळेच की काय, मुलीचा किंवा मुलाचा ६० गोळ्यांचा स्कोअर ६१० च्या आसपास अडला की इथले पालक पहिलं काम करतात ते छरे तोलायचं. रात्री जेवणं उरकली की अख्खं घर टेबलाभोवती बसतं आणि पाचशे छरे एकेक करून पारड्यात पडतात. हौस खरी, कष्टही खरे. क्रम मात्र उलटा. काटा हे या कामातलं शेवटचं हत्यार आहे. त्याच्या आधी शोधायचं ते हे, की तुमच्या रायफलच्या नळीला छऱ्यांचा कोणता लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेली कोणती खेप, मानवतो.

आधी कायद्याची गोष्ट उरकून घेऊ. भुसावळजवळ वरणगावच्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. त्यामुळे पितळी केस, बारूद, गोळी यांची ऐकीव माहिती असलेली माणसं आपल्या भागात पुष्कळ. परदेशात नेमबाज घरच्या घरी काडतूस भरतात, मग आपण का नाही, असं कुणी ना कुणी विचारतंच. कारण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. तो नाद सोडा. तीच बारकाईची हौस एअर रायफलमध्ये कायद्यात राहून भागते. ४.५ मिमी म्हणजे .१७७ इंच नळीच्या, २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही आणि मॅच रायफलची ऊर्जा साधारण साडेसात जूलच असते. परवाना नाही म्हणून खेळणं मात्र नाही. घरात ती कुलपात, छरे वेगळ्या कुलपात.

मुळात भांडण किती मिलिमीटरचं?

एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छरा ४.५ मिमी जाडीचा, त्यामुळे त्याची कड ठिपक्याला टेकली तरी १०.० मिळतात. म्हणजे छऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीपर्यंत चालतो. तिथून आत दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो आणि पाव मिलिमीटरच्या आत बसला की १०.९. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण घेतलं तेव्हा पात्रता फेरीचे गुण पूर्णांकात मोजले जात, त्याचे ६०० पैकी ५९६ होते. २०१३ पासून एअर रायफलची पात्रता फेरीही दशांशात मोजतात. तेव्हापासून छऱ्याला भाव आला. पूर्वी १०.१ आणि १०.८ दोन्ही दहाच. आता ६० गोळ्यांत तो फरक ४२ गुणांचा होतो.

आता हे छऱ्यावर लावून पाहा. रायफल घट्ट बसवून, माणसाचा हात न लावता दहा गोळ्या मारल्या आणि कागदावरचं भोक बाहेरून बाहेर ७ मिमी भरलं, तर त्यातून छऱ्याची जाडी वजा करून मध्य ते मध्य २.५ मिमी उरतात. म्हणजे अचूक नेम धरूनही एखादी गोळी १.२५ मिमी बाजूला जाणार आणि १०.५ दाखवणार. तेच भोक ५.५ मिमीचं असेल तर सर्वांत वाईट गोळीही १०.८. नेमबाजाची चूक याच्यावर आणखी चढते, ती वेगळी. पोरगी म्हणते, ‘सर, शॉट चांगला सुटला होता,’ आणि स्क्रीनवर १०.३. तिच्यावर ओरडण्याआधी डब्याकडे एकदा बघा.

कोणते डबे आणायचे

मॅचचे छरे म्हणजे चपट्या डोक्याचे, कागदात गोल स्वच्छ भोक पाडणारे. आरडब्ल्यूएस आर-टेन, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी ही नावं रेंजवर ऐकू येतात. रायफलसाठीचा छरा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. पिस्तुलासाठी ०.४५ ग्रॅमच्या आसपासचा हलका छरा येतो. हलका छरा काही रायफलींना मानवतोही, पण सुरुवात ०.५३ पासून करा. डब्यावर दोन गोष्टी वाचा. एक, डोक्याचा व्यास: ४.४९, ४.५०, ४.५१ वगैरे. दुसरी, लॉट नंबर. व्यास सगळेच विचारतात, लॉट नंबर फारसं कुणी विचारत नाही. खरं तर एकाच कंपनीचे ४.५० चे दोन लॉट एकाच रायफलीत दोन अनोळखी छऱ्यांसारखे वागू शकतात. साचे झिजतात, बदलले जातात, शिशाची मिश्रणं बदलतात.

पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याकडे मागणी नोंदवताना सरळ सांगा: चार-पाच वेगवेगळ्या लॉटचा एकेक डबा हवा, आणि जो पास होईल त्याच लॉटचे पुढचे डबे राखून ठेवाल का? चांगला विक्रेता हो म्हणतो. फोनवर ‘सगळे सारखेच असतात भो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

आपल्याकडे चार-पाच कुटुंबांनी मिळून डबे मागवले तर खर्चही वाटला जातो. धुळ्याच्या एकाने एक लॉट घ्यायचा, जळगावच्या दुसऱ्याने दुसरा, आणि प्रत्येकाने पन्नास-पन्नास छरे वाटून घ्यायचे. फक्त डब्याबाहेर काढलेल्या छऱ्यांच्या पुडीवर लॉट नंबर लिहायला विसरू नका.

डबा उघडल्यावर

पांढऱ्या कागदावर छरे ओता. ओता म्हणजे हळूच सरकवा, बदाबदा पाडू नका. शिसं मऊ असतं. छऱ्याचा मागचा पातळ घेर, ज्याला स्कर्ट म्हणतात, तो नखानेही वाकतो. हवेचा दाब आधी या स्कर्टलाच उघडतो आणि नळीच्या आतल्या पिळांना चिकटवतो. एका बाजूने पिचलेला स्कर्ट असेल तर हवा तिथून निसटते आणि छरा थोडा तिरपा निघतो.

चांगल्या उजेडात, जमल्यास सराफी भिंगाखाली, इतकंच पाहायचं: स्कर्ट पूर्ण गोल आहे का, डोक्याच्या कडेला शिशाची सालपटं लटकली आहेत का, डोक्यावर खड्डा आहे का. शंका आली की छरा सरावाच्या डबीत. मॅच दर्जाच्या डब्यात असे थोडेच निघतात. जास्त निघाले तर डबा प्रवासात कुठे तरी आपटलाय असं समजा.

धुवायचं का? माझं मत: नाही. बाहेरच्या तिखट चर्चा वाचून काही जण भांडी घासायच्या साबणात छरे धुतात, वाळवतात, मग वर तेल लावतात. कारखान्यातून येताना छऱ्यावर एक पातळ थर असतो आणि कारखान्याने तपासणी त्या थरासकट केलेली असते. धुतलं की तो जातो, शिसं उघडं पडतं, आणि पावसाळ्यात त्यावर पांढुरकी बुकटी धरते. एखाद्या डब्यात शिशाची धूळ फारच असेल तर मऊ सुती कापडावर छरे अलगद लोळवा, तेवढं पुरे. आणि पांढरी बुकटी धरलेला जुना डबा वापरूच नका. ती बुकटी शिशाचं संयुग आहे, तिची धूळ श्वासातून आत जाते.

लॉट टेस्ट, म्हणजे खरं काम

आधी रायफल ठीक करा. स्क्रू सैल नाहीत ना पाहा, रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब पुरेसा ठेवा, नळी फेल्टच्या बोळ्याने साफ करा, आणि साफ केल्यानंतर वीस-तीस गोळ्या नुसत्या मारा. नुकत्याच पुसलेल्या नळीतून निघालेले पहिले ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके, कुठल्याच लॉटच्या नावावर लावू नका.

रायफल बसवण्याचे दोन मार्ग. उत्तम म्हणजे व्हाइस: स्टॉक म्हणजे दस्ता काढून रायफलची ॲक्शन, म्हणजे नळी ज्यात बसते तो यंत्राचा भाग, जड टेबलावर घट्ट आवळायची. नळी स्वतः कधीही आवळायची नाही, ती दबते आणि निकाल खोटा येतो. ही सोय प्रत्येक तालुक्याला नसते. पुण्याला बालेवाडीला किंवा मोठ्या क्लबला जाणं होणार असेल तेव्हा आधी फोन करून टेस्टिंगची सोय आणि वेळ विचारा, आणि सगळे डबे सोबत घेऊन जा.

दुसरा मार्ग घरच्या रेंजवरचा. भक्कम टेबल, पुढे एक पिशवी, मागे एक पिशवी, आणि बसून शूटिंग. पिशवीत कोरडी वाळू चालते. आपल्याकडे कुणी दादर ज्वारी भरतं, तीही छान बसते, फक्त सोंडे लागले की पिशवी सकाळ-संध्याकाळ आपोआप हलकी होते. प्रत्येक गोळीला रायफलचा तोच भाग पिशवीच्या त्याच जागी टेकला पाहिजे. या पद्धतीत नेमाची चूक मिसळते म्हणून ग्रुप जास्त मारावे लागतात. व्हाइसमध्ये प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे तीन ग्रुप पुरतात, पिशवीवर पाच तरी मारा.

कूलर आणि पंखा बंद. मे महिन्यात हे ऐकून कुणी शिव्या देईल, पण कूलरच्या झोताने कागद हलला तर तुम्ही छऱ्याची नाही, कूलरची परीक्षा घेताय. पहाटे सहाला सुरू करा, नऊच्या आत आटपा.

क्रमही महत्त्वाचा. पहिला लॉट पूर्ण, मग दुसरा पूर्ण, असं केलं तर शेवटच्या लॉटपर्यंत सिलिंडरचा दाब उतरलेला, खोली तापलेली आणि माणूस थकलेला असतो. त्याऐवजी क, ख, ग, घ असा एक फेरा मारा, पुढचा फेरा उलट घ, ग, ख, क. लॉट बदलला की पाच गोळ्या हिशोबाबाहेर मारा, नळीत आधीच्या लॉटचा लेप असतो. प्रत्येक ग्रुपला नवा कागद, आणि कागदावर लॉट, वेळ, सिलिंडरचा दाब लगेच लिहा. नंतर लिहू म्हटलेला कागद घरी पोचेपर्यंत निनावी होतो.

मोजणं सोपं आहे. व्हर्नियरने भोकाची सर्वांत लांब बाहेरची बाजू घ्या, ४.५ वजा करा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर त्याची अक्षांवरची आकडेवारी उतरवून घ्या, ती कागदापेक्षा नेमकी. दहा गोळ्यांचा ग्रुप बाहेरून ५.५ मिमीच्या आत असेल तर लॉट उत्तम. ६ मिमीपर्यंत जिल्हा-विभागाच्या स्पर्धेला हरकत नाही. त्याच्यापुढे सरावाला.

एक लबाडी स्वतःशी करू नका. तीन ग्रुपांपैकी सर्वांत लहान ग्रुपचा फोटो काढून तो लॉट जिंकला असं जाहीर करणं. सगळ्या ग्रुपांची सरासरी घ्या, आणि सर्वांत मोठा ग्रुप किती हेही पाहा. दोन लॉटच्या सरासरीत दोन-तीन दशांश मिलिमीटरचाच फरक असेल तर ते बरोबरीत आहेत असं धरा आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्या दोघांची पुन्हा लढत लावा. निकाल उलटला तर समजा दोन्ही चांगले आहेत, जो जास्त डब्यांनी उपलब्ध आहे तो घ्या.

किती घ्यायचा? रोज ८० गोळ्या, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे ४८०. ५०० चा डबा आठवड्याला संपतो. सहा महिन्यांना पंचवीस-सव्वीस डबे. सगळा सराव टेस्ट केलेल्या लॉटवर परवडत नसेल तर रोजच्या गोळ्या साध्या डब्यातल्या, आणि स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे फक्त चांगला लॉट. कारण लॉट बदलला की झिरो, म्हणजे साइटची नेमाशी लावलेली जुळणी, थोडा हलतो आणि मुलाच्या मनात उगाच शंका शिरते.

आता काटा आणा

०.०१ ग्रॅमचा काटा कामाचा नाही, त्यावर सगळा डबा ०.५३ दाखवेल. ०.००१ ग्रॅमचा हवा, काचेची पेटी असलेला. पंखा बंद, काटा सपाट, आणि सुरू करण्याआधी प्रमाण वजनाने तपासलेला.

पण तोलून हाती काय लागतं ते आकड्यात पाहा. छरा साधारण १७२ मीटर प्रति सेकंदाने निघतो, १० मीटर जायला त्याला जेमतेम ०.०५८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सुमारे साडेसोळा मिलिमीटर खाली येतो. वजन एक टक्का, म्हणजे पाच मिलिग्रॅमने वाढलं तर वेग अर्धा टक्का कमी होईल आणि छरा एक टक्का जास्त पडेल, साधारण ०.१७ मिमी. एक दशांश गुणाची पट्टी पाव मिलिमीटरची. म्हणजे पाच मिलिग्रॅमचा फरकसुद्धा दशांशाच्या आत राहतो. एक मिलिग्रॅमचे सात-आठ ढीग लावून, प्रत्येकाला वेगळी डबी करून काही साधत नाही. चुकीचा लॉट याच्या कितीतरी पट नुकसान करतो.

म्हणून तोला फक्त स्पर्धेसाठी वेगळे काढायचे छरे, आणि तेही उनाड शोधण्यासाठी. डब्याचं सरासरी वजन काढा, त्याच्यापेक्षा पाच मिलिग्रॅमहून जास्त दूर असलेले बाजूला करा. असा छरा बहुधा आतून पोकळ असतो किंवा त्यात शिसं कमी-जास्त पडलेलं असतं. पोकळी एका बाजूला असली तर फिरताना तो डगमगतो, आणि खरं दुखणं ते डगमगणं, वजन नव्हे.

डोक्याचा व्यास घरी मोजायच्या फंदात पडू नका. साध्या व्हर्नियरचा लघुत्तम माप ०.०२ मिमी, आणि तुम्हाला ओळखायचाय ०.०१ चा फरक. मायक्रोमीटर आवळला की शिसंच दबतं. डब्यावर छापलेला आकडा ही सुरुवात, बाकी ग्रुप सांगेल.

खानदेशचं ऊन

‘४५ डिग्रीला छरे फुगतात’ असं मे महिन्यात हमखास ऐकायला मिळतं. फुगतात, पण किती? २० वरून ४५ अंशांवर गेला तर ४.५ मिमीचा छरा सुमारे ०.००३ मिमीने वाढतो. दोन व्यासांच्या डब्यांतला फरक ०.०१ मिमी, आणि नळीचं पोलादही थोडं पसरतंच. छऱ्याची काळजी सोडा.

काळजी सिलिंडरची करा. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६५ अंशांना पोचला तर दाब २२५ बारच्या पुढे जातो. भुसावळच्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत हे तापमान अशक्य नाही. रायफल आणि सिलिंडर माणसांबरोबर उतरले पाहिजेत. सिलिंडरची मुदतही पाहा, बहुधा बनवल्याच्या तारखेपासून दहा वर्षं. ती उलटली की स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर अडतो, आणि अडला नाही तरी वापरायचा नाही.

साठवण मात्र जपून. पत्र्याच्या खोलीत नको. लाकडी कपाटातही नको: लाकडातून, विशेषतः नव्या लाकडातून, आम्लाची वाफ निघते आणि शिशाला ती सोसत नाही. लोणच्याच्या बरण्या असलेल्या फडताळात तर मुळीच नको. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, स्टीलचं कपाट, जमिनीपासून वर. पावसाळ्यात पुड्या बदला.

स्पर्धेला निघताना

नंदुरबारहून एसटीने पुणे गाठेपर्यंत सैल डब्यातला छरा हजार वेळा शेजाऱ्यावर आपटतो. डबा भरलेला नसेल तर वर फोमची चकती कापून बसवा, झाकण दाबल्यावर आतून आवाज येता कामा नये. डबा डिकीत नाही, मांडीवरच्या पिशवीत.

स्पर्धेच्या ६० गोळ्या, त्याआधी झिरो लावायला लागतील त्या, आणि वर थोडी शिल्लक: ११०-१२० निवडलेले छरे खाचांच्या ट्रेमध्ये डोकं वर करून लावून ठेवा. आदल्या रात्री, घाईत नव्हे. ट्रेवर झाकण. लेनवर आल्यावर खिशातून किंवा तळहातावरून छरे घ्यायची सवय असेल तर ती सरावातच मोडा. छरा स्कर्टला चिमटीत न धरता डोक्याच्या बाजूने उचलायचा, नळीच्या तोंडात सरळ ठेवायचा आणि लिव्हरने बसवायचा. तिरका बसला असं वाटलं तर तो मारायचा नाही, काढून ठेवायचा.

शिशाबद्दल

आपल्या क्लबांत याकडे फार दुर्लक्ष होतं. रक्तात शिसं किती असलं तर सुरक्षित, अशी पातळी माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि एअर रायफलवर दहा-बारा वर्षांची मुलं असतात. छरा तोंडात धरायचा नाही. लेनवर शेंगदाणे, वडापाव काही नाही. सराव संपला की आधी साबणाने हात, मग पाण्याची बाटली. तोलण्याचं काम जेवणाच्या टेबलावर करू नका, करायचंच तर खाली जाड कागद अंथरा आणि नंतर तो फेका. टार्गेटमागे सांडलेल्या शिशावर कोरडा झाडू फिरवू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने टिपा. गोळा झालेलं शिसं झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापरवाल्याला द्या. घरच्या चुलीवर वितळवून काही बनवायचं डोक्यात असेल तर ते तिथेच राहू द्या.

जिंकलेला लॉट कधी ना कधी संपतोच. शेवटचे दोन डबे उरले की ते वापरणं थांबवा, नवे लॉट मागवा, आणि टेस्टमध्ये जुन्या लॉटलाही एक स्पर्धक म्हणून बसवा. नव्यांपैकी कुणीच त्याला गाठलं नाही तर ते दोन डबे वर्षाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेसाठी बाजूला ठेवा आणि विक्रेत्याला पुन्हा फोन लावा.